लाकडाची शिंपली

खड्... खड्... मडक्यावरचं झाकण हललं.

सकाळपासून या स्वयंपाकघरात कुणी बोललं नव्हतं. कूका झेंडूच्या पाकळ्या तोडत होती, तिची नात नायेली त्या बशीत गोळा करत होती, आणि दोघींचं कशावरून तरी बिनसलं होतं. मग चुलीवरच्या काळ्या घेवड्याला उकळी आली, मातीचं झाकण थरथरलं, आणि कूका सवयीनं पुटपुटली, "आले गं बाई, आले."

कुठूनही बारीकसा आवाज आला की ती असंच म्हणते. का म्हणते, ते मला ठाऊक आहे. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी शिंपली आहे. समुद्रातली नव्हे. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. मी लाल देवदाराची आहे, आणि माझं सारं आयुष्य मेक्सिको शहरात गेलं. रंगमंचाच्या कडेला, अगदी मधोमध, एक लहानशी छपरी असते ना, शिंपल्यासारखी वाकलेली, प्रेक्षकांकडे पाठ आणि नटांकडे तोंड करून बसलेली, ती मी. माझ्याखाली जमिनीत एक खड्डा असे. त्या खड्ड्यात उभं राहून, माझ्या पोटात डोकं घालून एक माणूस नटांना त्यांची वाक्यं सांगत असे. आता तुम्ही म्हणाल, नटांना स्वतःची वाक्यं पाठ नसायची का? कशी असणार? आमच्याकडे दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. रविवारी विधवा झालेली बाई पुढच्या शुक्रवारी नवरी व्हायची. एवढं पाठ करायला वेळ कुणाला? म्हणून सांगणारा सगळंच नाटक सांगे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, नटाच्या एक श्वास पुढे राहून.

मला घडवलं एलिगिओ नावाच्या सुतारानं. तो पाळणेही करायचा आणि शवपेट्याही. दोन्हीचं लाकूड वाकवायचा हात त्याला होता. त्यानं माझ्या फळ्या वाफेवर मऊ केल्या, एकमेकींना बिलगून बसवल्या, पाठीवर सोनेरी रंग दिला आणि पोटात काळा. मला जागेवर ठेवलं त्या दिवशी त्यानं माझ्यात डोकं घालून हळूच विचारलं, "येतं का ऐकू?"

रंगमंचाच्या अगदी मागून नाटकमंडळीचे मालक डॉन फिदेन्सिओ ओरडले, "येतं!"

मग ते खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले. एलिगिओनं पुन्हा तेच विचारलं. मालक गप्पच. जरा वेळानं म्हणाले, "अरे, विचार की!"

"विचारलं की मालक, मघाशीच."

"मग जमलं तुला," मालक म्हणाले, आणि दोघं हसले. माझं पहिलं कौतुक ते हेच. एका बाजूला ऐकू जावं आणि दुसऱ्या बाजूला जाऊ नये, यासाठीच माझा जन्म होता.

माझ्यातला पहिला सांगणारा फार दिवस टिकला नाही. एका सर्कशीबरोबर तो उत्तरेला गेला तो गेलाच. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ओतिलिया तिचं नाव. त्या संध्याकाळी तिकिटं विकली गेलेली, नट रंगून बसलेले, आणि खड्ड्यात कुणी नाही. ती कपडेपटात बटणं लावत होती. हातातली सुई तिनं शालीला टोचली, पोट सांभाळत खड्ड्यात उतरली आणि म्हणाली, "कागद द्या इकडे."

मित्रांनो, आवाज कसा होता हे शब्दांत सांगणं कठीण असतं. तरी सांगून बघते. तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, बांधायला मक्याची सुकी पानं भिजत घालतात. त्या आधी त्यांच्यावरून हात फिरवला की जी सळसळ होते, तसा तो होता. कोरडा, पण मायेचा. घसा मोकळा करून ती कधी बोललीच नाही. घशासाठी ती गालात गुळाचा खडा धरून ठेवायची, म्हणून प्रत्येक वाक्याला गुळाचा वास असायचा. माझ्या पुढच्या फळीला तो वास अजून आहे, असं मला आपलं वाटतं.

तिची मुलगी जन्मली ती तालमीच्या दिवसांत. रेफुखिओ नाव ठेवलं. आमच्याकडे त्या नावाच्या मुलीला सगळे कूकाच म्हणतात. बाळाला ठेवायला जागा नव्हती. मग दुपारी रंगमंच रिकामा असला की ओतिलिया मला उलटी करायची, आत शाल अंथरायची आणि बाळाला ठेवायची. पाठीवर पडलेली शिंपली म्हणजे पाळणाच की. प्रयोग सुरू झाला की मी सुलटी, आणि बाळ टोपलीत, आईच्या पायाशी, खड्ड्यात. अंगाईच्या जागी तिनं काय काय ऐकलं! प्रेमपत्रं, मृत्युपत्रं, शाप, लग्नाच्या शपथा. सगळं कुजबुजीत. ती झोपायची मात्र छान.

ओतिलियाचं काम असं होतं की चांगलं झालं तर ते झाल्याचं कुणाला कळू नये. टाळ्या पडायच्या त्या माझ्या पाठीवरून पलीकडे जायच्या. खरं तर, मालकांना काही वाटो, पहिल्या दोन-तीन रांगांना तिची कुजबुज थोडी ऐकू यायचीच. पण आमच्या शहरातल्या नाटकवेड्या लोकांचे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. त्यांना ती ऐकू येऊनही ऐकू यायची नाही. घड्याळाची टिकटिक येत नाही ना, तशी. आणि नाटकात काम करणारे लोक? त्यांचे कान तर त्या बाबतीत पार बधिर झालेले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरूनच घडलं.

आमच्या मंडळीचं एक नाटक फार चाललं. 'परसदार' त्याचं नाव. एका श्रीमंत घरात एक मोलकरीण असते. त्या घराचा लाडका मुलगा खरं तर तिचाच असतो, पण ते त्याला कधी सांगायचं नाही या अटीवरच ती तिथं राहिलेली असते. शेवटी मुलगा घर सोडून दूर जातो. पुढच्या दारात सगळे निरोप द्यायला उभे असतात, आणि तो तिचाही निरोप घ्यायला परसदारी येतो. खरं सांगायची हीच वेळ असते. ती सांगत नाही. एवढंच म्हणते, "दार उघडं ठेवते, बाळा." पडदा पडतो. लोक रुमाल पिळत घरी जायचे.

मोलकरणीचं काम दोन्या एर्मिनिया, म्हणजे एर्मिनियाबाई, करायच्या. मोठी नटी, मोठे डोळे, मोठा आवाज. सिनेमावाल्यांनी 'परसदार' विकत घेतलं तेव्हा तेही त्यांनाच घेऊन गेले. पण बाई अडून बसल्या.

"मला तुमचे दिवे नकोत, मोटार नको, फुलं नकोत. मला माझी शिंपली हवी आणि शिंपलीतली ओतिलिया."

"बाई, सिनेमात वाक्य विसरलं तर पुन्हा घेता येतं," दिग्दर्शक काकुळतीला आला.

"मी विसरत नाही हो! आठवायच्या आधी कुणीतरी सांगावं, एवढंच म्हणते मी."

असा मी सिनेमाच्या कारखान्यात प्रवेश केला, हातगाडीवर, दोरीनं बांधून. मला कॅमेऱ्याच्या खाली, चौकटीच्या बाहेर ठेवलं. खड्डा नव्हता, म्हणून ओतिलिया जमिनीवर पालथी पडून माझ्यात डोकं घालायची. कूका तेव्हा चालायला लागली होती. एका खोक्याआड ओतिलियाची बहीण दोमितिला तिला धरून बसायची.

शेवटचा प्रसंग चित्रित झाला तो दिवस माझ्या लाकडात कोरल्यासारखा आहे. सगळं शांत. मुलाचं काम करणारा नट दारात उभा. दोन्या एर्मिनियांनी त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि थांबल्या. त्या खरंच विसरल्या होत्या. इतक्या वेळा म्हटलेलं ते एक वाक्य. त्यांच्या डोळ्यांत भीती दाटली, मग पाणी आलं, आणि ओठ थरथरायला लागले. माझ्यात पालथ्या पडलेल्या ओतिलियानं मान उचलली. तिला समोर एर्मिनिया दिसत होत्या, आणि त्यांच्या पायांमधून पलीकडे खोक्याआडची आपली मुलगी. ती म्हणाली,

"दार उघडं ठेवते, बाळा."

आणि मग एर्मिनियांनी ते म्हटलं, रडत, मोठ्यांदा, अप्रतिम.

दिग्दर्शक धावत येऊन त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला. सगळे डोळे पुसत होते. ध्वनी टिपणारा गृहस्थ कानांवरची यंत्रं काढून चक्क हुंदके देत होता. त्याला कुणी विचारलं, "आवाज नीट आला ना?" तो म्हणाला, "स्वच्छ." त्याचंही सगळं आयुष्य विंगेत गेलेलं होतं, मित्रांनो. ऐकलं सगळ्यांनी. ऐकू कुणालाच आलं नाही.

सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला, अगदी शेवटी, सगळं सभागृह श्वास रोखून बसलं असताना एका लहान मुलानं विचारलं, "आई, जमिनीखालून कोण बोललं?"

झालं. त्यानंतर सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. शहरातले लोक हसले. खेड्यापाड्यांत बायकांनी छातीवर क्रूस काढले. कुणी म्हणे तो मोलकरणीच्या मनाचा आवाज, कुणी म्हणे देवमातेचा. वर्तमानपत्रांत एर्मिनियांची व्यंगचित्रं आली, तोंडाशी नळी लावलेली. तो प्रसंग पुन्हा काढता आला असता, पण ते अश्रू पुन्हा कुठून आणायचे? सिनेमा तसाच राहिला आणि जगभर नावाजला गेला.

मालकांनी ओतिलियाला बोलावून घेतलं. मी तिथंच होते, माझ्या जागेवर.

"तुझं काम काय गं, ओतिलिया? ऐकू न येणं. आणि तू अख्ख्या देशाला ऐकू आलीस!"

"मालक, बाई अडल्या होत्या."

"मोठ्यानं बोल, मला कळत नाही."

"हा माझा मोठाच आवाज आहे, मालक."

 मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण एर्मिनियांनी निरोप धाडला होता, एक तर ती नाहीतर मी. शिवाय पुढच्याच महिन्यात आमच्या नाट्यगृहात नाटकं बंद होऊन पडदा टांगला जायचा होता. सिनेमाच्या पडद्यापुढे शिंपलीचं काय काम? "ही पण घेऊन जा," मालक माझ्याकडे बोट करत म्हणाले. आयुष्यात एकदाच ती ऐकू आली, आणि त्याच पायी तिचं काम गेलं.

या चाळीतल्या याच खोलीत आम्ही आलो. ओतिलिया लोकांचे कपडे धुवायची. अंगणातल्या हौदावर सगळ्या बायका ओरडून बोलायच्या, ती तेवढी कुजबुजायची. एकदा दोमितिला तिला बळेच सिनेमाला घेऊन गेली. परत आल्यावर ओतिलिया माझ्यावर बसली. मग म्हणाली,

"दोमितिला, माझा आवाज बाहेरून असा लागतो होय? मी कायम अशी घाबरल्यासारखी बोलते?"

"नाही गं. तू कायम कुणाला तरी झोपेतून उठवायला आल्यासारखी बोलतेस."

ओतिलिया हसली, आणि हसता हसता खोकायला लागली. वर्षानुवर्षं खड्ड्यातली धूळ तिनं गिळली होती. तो खोकला मग थांबलाच नाही. गुळानं नाही, काढ्यानं नाही, सरकारी दवाखान्यातल्या सुयांनीही नाही. ती गेली तेव्हा कूकाला दुधाचे दातसुद्धा सगळे आले नव्हते.

दोमितिलानं पोरीला सांभाळलं. आईचा लग्नातला एक फोटो होता, पण त्यात तोंड मिटलेलं. कूका मोठी होऊ लागली तशी तिला आई आठवेना. एक दिवस मावशीनं तिला चांगला झगा घातला, हाताला धरून सिनेमाला नेलं, आणि शेवटचा प्रसंग आल्यावर कानात सांगितलं, "आता डोळे मीट. ही जी मोठ्यांदा रडते ना, ती नव्हे. तिच्या आधी जी बोलेल, ती तुझी आई."

सळसळ झाली. "दार उघडं ठेवते, बाळा."

आणि कूका त्या अंधारात खणखणीत ओरडली, "आले, आई, आले!"

मावशी सांगायची की लोक आधी हसले आणि मग एकदम हसायचे थांबले.

तेव्हापासून 'परसदार' कुठं लागलाय असं कळलं की कूका निघालीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला असो, गळक्या थेटरात असो. पुढं मोठी झाली, लग्न झालं, लेक झाली, नवऱ्याला पुरलं. पुढं थेटरंही बंद पडली, पण टीव्हीवर दर वर्षी दहा मेला, आईच्या सणाला, 'परसदार' लागायचाच. मग ही खोली शेजाऱ्यांनी भरायची. पोरं माझ्यावर दाटीवाटीनं बसायची. शेवट आला की ओब्दुलिया सगळ्यांना दटावायची, "श्श! गप्प बसा रे, कूकाची आई बोलतेय!" एवढ्या मोठ्या चाळीत तेवढा वेळ नळसुद्धा कुणी सोडायचं नाही. सळसळ यायची. कूका हळूच म्हणायची, "आले, आई." मग सगळे नाक ओढत आतोले, मक्याची गरम पेज, प्यायचे.

ही ओब्दुलिया समोरच्या खोलीतली. तिच्या मुलानं पहिल्यांदा टेपचं यंत्र आणलं तेव्हा ती म्हणाली होती, "कूका, भरून घे की टेपवर. हवं तेव्हा ऐकशील."

"छे गं," कूका म्हणाली. "दर वर्षी येते ना ती आपल्या पायांनी? येणाऱ्या माणसाला कुणी डब्यात कोंडतं का?"

मित्रांनो, मला त्या वेळी ते बोलणं फार आवडलं होतं.

या वर्षीच्या मे महिन्यात टीव्हीवर आधी एक सूटवाला माणूस आला. म्हणाला, आपल्या देशाचा हा ठेवा मोठ्या कष्टानं नव्यासारखा केला आहे. खरोखरच! एर्मिनियांच्या शालीची वीण दिसत होती. भिंतीचा ओला चुना दिसत होता. पूर्वी पाऊस पडल्यासारख्या रेघा असायच्या, त्या नाहीत. खरखर नाही. नायेली माझ्यावर मांडी घालून बसली होती. तिची आई शिलाईच्या कारखान्यात कामाला, म्हणून तीही आजीजवळच वाढलेली. ओब्दुलिया म्हणाली, "श्श!" एर्मिनियांनी तोंड उघडलं. थांबल्या. ओठ थरथरले. डोळ्यांतलं पाणी कधी नव्हे इतकं स्पष्ट दिसलं.

काही नाही.

इतकी स्वच्छ शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग एर्मिनिया मोठ्यांदा बोलल्या, आणि पडद्यावर समाप्त आलं.

कुणी कुणाकडे बघेना. ओब्दुलियाच हळू आवाजात म्हणाली, "टीव्हीचंच काहीतरी बिघडलं असेल गं." कूका "आले" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून बसली होती.

मग सुरू झाली शोधाशोध. ओब्दुलियाच्या मुलाकडे एक जुनी टेप निघाली. तिच्यावर पुढं त्यानं फुटबॉलचा सामना भरला होता. कूका बाजारात टेपा विकणाऱ्यांकडे गेली, तर सगळ्या नव्या प्रतीच्या नकला. शेवटी कूका नायेलीला घेऊन त्या कार्यालयात गेली, जिथं सिनेमा नव्यासारखा करतात. तिथं काय झालं ते मला नायेलीनं केलेल्या नकलेतून कळलं. परत आल्यावर ओब्दुलियासमोर ती चष्मा लावल्यासारखी बोटं डोळ्यांशी धरून उभी राहिली आणि जाड आवाजात म्हणाली,

"या, या, मावशी! आवडला का सिनेमा? शेवट बघितलात? तिथं फार चिवट खरखर होती, एर्मिनियाबाईंच्या वाक्याच्या आधी. सगळ्यात जास्त कष्ट मला तिनंच दिले! पण काढलीच. मुळापासून."

"आणि जुन्या फिती?" ओब्दुलियानं विचारलं.

"त्यांना आंबट वास सुटला होता म्हणे. कुजल्या. त्यानं तोंड असं केलं. 'नवी प्रत झाल्यावर टाकून दिल्या, मावशी. दुसऱ्या फितींना लागण होते.'" नायेलीनं बोटांचा चष्मा काढला. "तो इतका खूश होता ना! त्याला वाटलं आजी शाबासकी द्यायला आलीये. मला चिंचेची गोळी दिली त्यानं."

"मग तू काय म्हणालीस त्याला, कूका?"

कूका चपला काढत होती. "काय म्हणणार? छान झालंय म्हटलं. पोरगा आहे गं कुणाचा तरी. एवढा राबलाय."

त्या दिवसापासून कूका ते वाक्य स्वतः म्हणून बघायला लागली. भांडी घासताना, मिरच्या भाजताना, पाकळ्या तोडताना. "दार उघडं ठेवते, बाळा." पहिल्या दिवशी ते ओतिलियाच्या इतकं जवळ गेलं की माझ्या फळ्या शहारल्या. दुसऱ्या दिवशी जरा लांब. मग प्रत्येक वेळी आणखी लांब. जुन्या आवाजावर ती आपला आवाज चढवत गेली, आणि खालचा पुसट होत गेला. आता तिला स्वतःलाच कळत नाही की आठवतेय ती आई, की कालचं आपलंच म्हणणं. काल नायेलीनं हट्ट धरला, "आजी, तसं नको, पणजीच्या आवाजात म्हण." कूका कधी नव्हे ती तिच्यावर खेकसली. सकाळपासूनचा अबोला तो हाच.

मित्रांनो, खरा आवाज कसा होता हे या जगात आता फक्त मला ठाऊक आहे. गुळाच्या वासासकट. पण लाकूड आवाज पितं, परत देत नाही. माझी रचनाच तशी आहे. कुणीतरी माझ्यात शिरून बोलावं लागतं.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी हळू बोलणारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याचं ऐकू येतंय तोवर ऐका. आणि जुनी वस्तू घासूनपुसून लख्ख करण्याआधी, तिच्यावरचा डाग कुणाचा आहे हे घरातल्या कुणाला तरी विचारा. यानं माझं काही परत यायचं नाही. तरी सांगून ठेवते. सांगायचं कामच मी जन्मभर केलं.

आज मेलेल्या माणसांनी घरी यायचा दिवस. कूकानं माझ्यावर पांढरं कापड अंथरलंय. त्यावर ओतिलियाचा मिटल्या तोंडाचा फोटो, पाण्याचा पेला, मीठ, गोड पाव आणि गुळाचा खडा. धूप पेटलाय. घेवड्याचं मडकं उतरवून झालं. दोघी आता उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालताहेत, म्हणजे येणारीला रस्ता चुकायला नको.

वाट पुरी झाली. नायेलीनं उठून दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्याला वीट लावली. बाहेर अंगणात कुठंतरी सुकं पान सरकलं. सळसळ झाली.

"आले—" कूका म्हणाली, आणि थबकली. पान होतं.

नायेली परत येऊन तिला बिलगून उभी राहिली. अबोला संपला होता. तिनं अगदी हळू, कुजबुजत विचारलं,

"आजी, दार तर उघडं ठेवलं. पण बाहेरून कुणी हाक मारली, तर ती पणजीच आहे हे आपल्याला कळणार कसं?"

कूकानं तोंड उघडलं. ओठ थरथरले. मग तिनं खाली माझ्याकडे पाहिलं, पूर्वी वाक्य अडलं की एर्मिनिया बघायच्या तसं.